गेमिंग आणि सिनेमा, दोन्हीसाठी एकच टीव्ही: मोजक्या पैशांत नेमका कसा निवडायचा

टीव्ही घ्यायला निघालेल्या माणसाला आधी गोंधळात पाडतं ते त्याचं खोकं. स्वस्त टीव्हीच्या खोक्यावर ‘४के’, ‘एचडीआर’, ‘१२०’, ‘एआय’ असं सगळं छापलेलं असतं, आणि त्याच्या तिप्पट किमतीच्या टीव्हीच्या खोक्यावरही तेच. विक्रेत्याला फरक विचारला की तो आणखी महाग मॉडेलकडे बोट दाखवतो. नेटवर शोधायला गेलं तर आद्याक्षरांची एवढी गर्दी समोर येते की टीव्ही नको, पुस्तक वाचू असं वाटायला लागतं.

मी या फेऱ्यातून गेलोय, आणि आता ओळखीत कुणी टीव्ही घ्यायचा म्हटलं की फोन मलाच येतो. प्रत्येकाला मी एकच कसोटी सांगतो: जे नंतर बाहेरून जोडता येतं त्यावर आज पैसे घालू नका. आवाज कमी पडला तर पुढच्या वर्षी साउंडबार घेता येतो. टीव्हीतली ॲप्स रखडायला लागली तर स्ट्रीमिंग स्टिक लावता येते. पण पडद्याचा काळा रंग, पॅनलचा खरा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, हर्ट्झमध्ये), मागच्या एचडीएमआय पोर्टची (कन्सोल वगैरे जोडायच्या खाचेची) क्षमता आणि पडद्याचा आकार या चार गोष्टी टीव्ही घरी आला की कायमच्या ठरल्या. बजेट जावं ते या चारांवर. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धोरणाने लावल्या आहेत.

निघण्यापूर्वी जवळ असू द्या:

- मोजपट्टी. अंदाजाने ठरवलेलं अंतर बहुतेकदा चुकतं.
- टीव्हीला जोडायच्या प्रत्येक उपकरणाची यादी: कन्सोल, संगणक, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, स्टिक.
- एक पेनड्राइव्ह. त्यात तुमच्या ओळखीच्या काही छोट्या क्लिप: एक अंधारा प्रसंग, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, कॅमेरा आडवा सरकत जाणारं एक दृश्य आणि पूर्ण राखाडी रंगाचं एक चित्र.
- स्लो-मोशन चित्रण करणारा फोन.
- आवडलेल्या टीव्हीचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट. वर्ष आणि आवृत्ती त्या क्रमांकातच दडलेली असते.

१. टीव्हीला काय जोडणार ते आधी कागदावर लिहा

सगळा निर्णय इथून सुरू होतो. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरिज एक्स ४के (३८४० × २१६० ठिपक्यांचं) चित्र सेकंदाला १२० फ्रेम्सपर्यंत, म्हणजे १२० स्वतंत्र चित्रांपर्यंत, पाठवू शकतात. एक्सबॉक्स सीरिज एस १२० फ्रेम्स देतो, पण त्याचा रोख १४४०पी कडे (१४४० ओळींचं, ४के पेक्षा कमी तपशिलाचं चित्र) आहे. जुना निन्टेंडो स्विच टीव्हीवर १०८०पी आणि ६० फ्रेम्सच्या पुढे जात नाही. २०२५ मध्ये आलेला स्विच २ डॉकमध्ये ठेवल्यावर ४के ला ६० किंवा १४४०पी आणि १०८०पी ला १२० फ्रेम्स देतो. प्लेस्टेशन ४ वाल्यांनी १२० चा विचार सोडून द्यावा. संगणक असेल तर ग्राफिक्स कार्ड बघा. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून आणि एएमडीच्या आरएक्स ६००० मालिकेपासून, म्हणजे २०२० पासून, एचडीएमआय २.१ मिळतं.

आता एक प्रामाणिक प्रश्न स्वतःला विचारा: मी नेमकं खेळतो काय? कन्सोलवरचे बहुसंख्य गेम आजही ३० किंवा ६० फ्रेम्सवर चालतात. कथाप्रधान गेम, फुटबॉल, रेसिंग एवढंच असेल तर ६० हर्ट्झचा चांगल्या पॅनलचा टीव्ही तुम्हाला सुखात ठेवेल. ऑनलाइन नेमबाजी रोजची असेल तर मात्र १२० हर्ट्झवर तडजोड करू नका.

मधला एक प्रकार आहे, त्याची फारशी चर्चा होत नाही. काही गेममध्ये ४० फ्रेम्सचा पर्याय असतो. ३० फ्रेम्सवर प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० वर १६.७. या दोन्हींच्या बरोबर मध्ये येतात २५ मिलिसेकंद, म्हणजेच ४० फ्रेम्स. चित्राचा तपशील जवळपास ३० फ्रेम्सवाल्या मोडइतका राहतो आणि हालचाल चांगलीच मऊ होते. पण ४० ने ६० ला नि:शेष भाग जात नाही, १२० ला जातो. म्हणून हा पर्याय सहसा १२० हर्ट्झच्या टीव्हीवरच उघडतो. कथाप्रधान गेम खेळणाऱ्याला १२० हर्ट्झचा खरा फायदा माझ्या मते इथे आहे.

२. अंतर मोजा, मग आकार ठरवा

तुमचे डोळे जिथे असतात तिथपासून पडदा जिथे असेल तिथपर्यंत मोजा. सोफ्याच्या कडेपासून मोजायचं नाही. सिनेमाच्या तंत्रज्ञांनी घालून दिलेले दोन संकेत आहेत: पडद्याने नजरेचा किमान ३० अंशांचा कोन भरावा, आणि चित्रपटगृहासारखा अनुभव हवा असेल तर ४० अंशांच्या आसपास. त्याचा हिशेब असा होतो:

- ४३ इंच: १.३ ते १.७५ मीटर
- ५५ इंच: १.७ ते २.२ मीटर
- ६५ इंच: २ ते २.६ मीटर
- ७५ इंच: २.३ ते ३ मीटर

बहुतेकांना हे आकडे वाचून धक्का बसतो, कारण आपण टीव्हीपासून यापेक्षा बरंच लांब बसतो. लांबच बसायचं असेल तर आकार वाढवा किंवा सोफा पुढे ओढा. सोफा ओढायला पैसे लागत नाहीत. ५५ वरून ६५ इंचावर गेलात तर पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे ‘दहाच इंचांचा तर फरक’ म्हणून तो सोडून देऊ नका. मात्र मोठा पण फिकट पडदा आणि लहान पण गडद काळ्याचा पडदा यांत निवड करायची वेळ आली, आणि सिनेमा तुमच्यासाठी महत्त्वाचा असेल, तर मी लहानाच्या बाजूने आहे.

याच हिशेबातून ८के चा (४के च्या चौपट ठिपक्यांच्या पडद्याचा) प्रश्नही निकाली निघतो. निरोगी नजरेला ५५ इंचाच्या ४के पडद्यावरचे ठिपके वेगळे ओळखायला साधारण १.१ मीटर इतकं जवळ जावं लागतं. तिथे कुणी बसत नाही.

टेबलवर ठेवणार असाल तर टीव्हीच्या पायांमधलं अंतर बघा. हल्ली पाय दोन टोकांना असतात आणि टीव्ही टेबलात मावत नाही. ५५ इंचाची रुंदी सुमारे १२२ सेंटीमीटर, ६५ ची १४४. भिंतीवर लावणार असाल तर पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या आसपास येऊ द्या. छताजवळ टांगलेल्या टीव्हीवर दोन तासांचा सिनेमा बघितला की मान बोलायला लागते.

३. पॅनल: अर्ध्याहून अधिक पैसा इथे जावा

बरेच सिनेमे २.३९:१ अशा आडव्या चौकटीत चित्रित होतात. टीव्हीची चौकट १६:९. त्यामुळे वर आणि खाली काळ्या पट्ट्या येतात, आणि त्या मिळून पडद्याचा सुमारे पाव भाग व्यापतात. म्हणजे असा सिनेमा बघताना तुम्ही पाव पडदाभर निव्वळ काळा रंग बघत असता. तो काळा खरोखर काळा आहे की धुरकट राखाडी, यावर बाकीच्या चित्राची खोली ठरते. गेममधल्या गुहा, रात्रीचं जंगल, अवकाश हे सगळंही यावरच अवलंबून. म्हणून पहिला प्रश्न रिझोल्यूशनचा (ठिपके किती) नसून कॉन्ट्रास्टचा (पांढरा काळ्यापेक्षा किती उजळ) आहे.

स्वस्त आणि मध्यम गटातले जवळपास सगळे टीव्ही एलसीडी असतात: मागे दिव्यांचा उजेड, पुढे तो अडवणारे द्रवस्फटिक. हे द्रवस्फटिक दोन मुख्य प्रकारचे. आयपीएस पॅनलवर पांढरा हा काळ्यापेक्षा साधारण १००० पट उजळ असतो. व्हीए पॅनलवर हे प्रमाण ३००० ते ६००० पट. अंधाऱ्या खोलीत हा फरक शेजारी शेजारी न ठेवताही कळतो. आयपीएसची जमेची बाजू म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग टिकतात. व्हीएसमोर तुम्ही मधोमध बसायला हवं, कडेला गेलात की चित्र फिकटतं. शिवाय स्वस्त व्हीएवर अंधाऱ्या दृश्यात वेगाने हलणाऱ्या वस्तूमागे काळसर शेपूट दिसते, कारण गडद छटांमधून बाहेर यायला त्या स्फटिकांना वेळ लागतो.

समोर दोन-तीन माणसं बसणार आणि रात्री सिनेमे बघितले जाणार, तर व्हीए. मोठ्या खोलीत सगळीकडून बघणारी मंडळी, दिवसा भरपूर उजेड, तर आयपीएस. हा लेख ज्या वाचकासाठी आहे त्याच्यासाठी दहापैकी आठ वेळा उत्तर व्हीएच येतं.

इथली मोठी गोम अशी की पॅनलचा प्रकार खोक्यावर लिहिलेला नसतो. त्याहून वाईट म्हणजे एकाच मालिकेत एका आकाराला व्हीए आणि दुसऱ्या आकाराला आयपीएस असं सर्रास असतं. ५० इंचाचं परीक्षण वाचून ५५ इंच उचलू नका. रिफ्रेश रेटचंही तेच: मालिकेच्या जाहिरातीत १२० हर्ट्झ आणि त्याच मालिकेतले लहान आकार ६० चे. दुकानात ओळखायची सोपी युक्ती अशी: टीव्हीवर अंधारं दृश्य लावा आणि बाजूला सरका. चित्र तसंच राहिलं पण काळा उजळला तर आयपीएस, सगळे रंगच धुतल्यासारखे झाले तर व्हीए.

यानंतरची पायरी म्हणजे लोकल डिमिंग. मागच्या दिव्यांचे वेगवेगळे गट करून चित्रात जिथे अंधार आहे तिथला गट मंद करायचा, ही त्यातली कल्पना. पूर्ण पाठीवर दिवे पसरलेले असतील आणि गट शेकड्यांत असतील तर व्हीए पॅनल फार सुंदर चित्र देतं. मिनी एलईडी म्हणजे हेच, पण दिवे अगदी बारीक आणि गट आणखी जास्त. उलट कडेला दिवे लावलेल्या टीव्हीवरचं ‘डिमिंग’ मूठभर पट्ट्यांपुरतं असतं. उपशीर्षक आलं की अख्खा उभा पट्टा उजळतो. असलं डिमिंग असण्यापेक्षा नसलेलं बरं. आणि फक्त ‘डिमिंग’ असा शब्द बघून खूश होऊ नका, काही ठिकाणी तो निव्वळ सॉफ्टवेअरच्या करामतीसाठी वापरतात. थेट विचारा: गट किती?

‘क्यूएलईडी’ या नावाने अनेक जण गंडतात. ते ओलेड नाही (त्याबद्दल पुढे). साध्या एलसीडीमध्ये क्वांटम डॉट्सचा एक पातळ थर घातला की रंग अधिक शुद्ध आणि विस्तृत होतात, बस. याच क्वांटम डॉट्सच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं, तेव्हा वस्तू चांगली आहे याबद्दल शंका नको. पण तो थर काळ्या रंगासाठी काहीही करत नाही.

ओलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे पूर्ण बंद. ठिपका मिलिसेकंदाच्या आत रंग बदलतो, त्यामुळे शेपूट वगैरे प्रकारच नाही. कमी बजेटमध्ये तो बसवायचा तर मागच्या वर्षाचं मॉडेल किंवा ४२-४८ इंचाचा लहान आकार हेच मार्ग. घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. काही अगदी प्राथमिक ओलेडमध्ये पॅनल ६० हर्ट्झचं दिलेलं असतं. आणि रोज तासन्‌तास एकच गेम किंवा एकच बातम्यांची वाहिनी चालू राहणार असेल तर पडद्यावर न हलणारी चिन्हं कालांतराने डाग सोडू शकतात. वापर मिश्र असेल तर ही भीती बरीच कमी होते, पण ती खोटी नाही.

४. १२० म्हणजे खरंच १२० का?

खोक्यावर ‘मोशन’ अशा एखाद्या शब्दापुढे १२०, २४०, ४८० असे आकडे दिसले तर ते सोडून द्या. ती कंपनीची स्वतःची मोजणी असते, पॅनल अनेकदा ६० चंच निघतं. तुम्हाला हवा असलेला शब्द ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’.

अलीकडे आणखी एक चलाख प्रकार आला आहे. ४के पॅनल ६० हर्ट्झचं, पण ‘१२० हर्ट्झ गेमिंग’ असं लिहिलेलं, आणि बारीक अक्षरांत ‘डीएलजी’ किंवा ‘एचएसआर’. हा टीव्ही पडद्याच्या २१६० आडव्या ओळींपैकी दोन-दोन ओळी एकदम रंगवतो. वेग दुप्पट होतो, उभ्या दिशेचा तपशील निम्मा. ही सोय निरुपयोगी नाही. वेगवान नेमबाजीत ती कामाची ठरते. पण ४के १२० म्हणून पैसे मोजत असाल तर ती फसगत आहे.

सिनेमावाल्यांनाही १२० चा फायदा आहे. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा. १२० ला २४ ने पुरता भाग जातो, प्रत्येक फ्रेम ५ वेळा दाखवली की झालं. ६० ला जात नाही, म्हणून एक फ्रेम ३ वेळा, पुढची २ वेळा असं करावं लागतं आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरताना बारीक हिसके जाणवतात. बरेच चांगले ६० हर्ट्झचे टीव्ही २४ चा सिग्नल ओळखून वेग जुळवून घेतात. दुकानात तुमची आडव्या सरकणाऱ्या दृश्याची क्लिप याच्यासाठी लावायची.

व्हीआरआर, म्हणजे कन्सोलच्या फ्रेम्स जशा तयार होतील तसा टीव्हीने आपला वेग बदलणं. चित्र फाटल्यासारखं दिसणं त्याने थांबतं. पण ६० हर्ट्झच्या टीव्हीवर त्याचा आवाका साधारण ४८ ते ६० एवढाच असतो, आणि ४८ च्या खाली घसरणाऱ्या गेमला त्याचा आधार मिळत नाही. त्यामुळे ६० हर्ट्झवर केवळ व्हीआरआरसाठी जास्त पैसे देऊ नका.

५. एचडीएमआय: आवृत्ती नको, क्षमता विचारा

एचडीएमआय २.० ची वाहकता सेकंदाला १८ गिगाबिट, ४के ला ६० फ्रेम्सपर्यंत. एचडीएमआय २.१ मध्ये ती ४८ पर्यंत जाते आणि ४के १२० शक्य होतं. इथवर सरळ आहे. मेख अशी की २.१ मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. २०२१ च्या अखेरीस हे उघड झालं की परवाना देणाऱ्या संस्थेच्या लेखी २.० ही आवृत्ती आता वेगळी उरलेलीच नाही, आणि १८ गिगाबिटचं पोर्टही नियमानुसार ‘२.१’ म्हणवून घेऊ शकतं. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘या पोर्टवर ४के १२० चालतं का? किती पोर्टवर?’

बजेट टीव्हींमध्ये उत्तर बहुतेकदा ‘दोन’ असं येतं, आणि त्या दोनांपैकी एक ई-आर्कचं, म्हणजे साउंडबारला आवाज देणारं पोर्ट असतं. आता तुमची यादी काढा. एक कन्सोल आणि साउंडबार असेल तर निभावतं. दोन कन्सोल आणि साउंडबार असतील तर एकाला १८ गिगाबिटच्या पोर्टवर जावं लागणार. त्यात स्विच किंवा सेट-टॉप बॉक्स गेला तर काही बिघडत नाही.

केबलवर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ लिहिलेलं आणि फोनने तपासता येणारं क्यूआर लेबल असलेलं बघा. प्लेस्टेशन ५ आणि सीरिज एक्सच्या खोक्यात येणारी केबल पुरेशी आहे. सोन्याचा मुलामा वगैरेला भुलू नका. पाच मीटरपलीकडे साध्या तांब्याच्या केबलने ४के १२० नेणं अवघड जातं, तिथे ऑप्टिकल लागते.

६. इनपुट लॅग

बटण दाबल्यापासून पडद्यावर ते दिसेपर्यंत टीव्ही जो वेळ खातो तो इनपुट लॅग. खोक्यावर ‘१ मिलिसेकंद’ वगैरे लिहिलेलं असतं तो सहसा रिस्पॉन्स टाइम, म्हणजे ठिपक्याने रंग बदलायला घेतलेला वेळ. दोन्ही वेगळे. गेम मोडमध्ये (चित्रावरचे संस्कार कमी करून वेळ वाचवणारी सेटिंग) आजचे बहुतेक टीव्ही ६० हर्ट्झला १० ते २० मिलिसेकंदांत असतात, ते उत्तम आहे. गेम मोडबाहेर हाच टीव्ही १०० च्या आसपास जाऊ शकतो, मग उडी मारायची वेळ हमखास चुकते. एएलएलएम नावाची सोय असेल तर कन्सोल सुरू होताच गेम मोड आपोआप लागतो.

तपासायचं असेल तर फोनवर २४० फ्रेम्सचं स्लो-मोशन लावून बोट आणि पडदा एकाच चौकटीत घ्या. प्रत्येक फ्रेम म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद. मोजलेला एकूण वेळ कन्सोल आणि गेम धरून येईल, त्यामुळे आकड्याला फार अर्थ नाही. गेम मोड चालू आणि बंद यांतला फरक मोजा, तो टीव्हीचा.

आणखी एक तपासा: गेम मोड लावल्यावर लोकल डिमिंग चालू राहतं का? काही टीव्ही वेग वाचवायला ते ढिलं सोडतात आणि सिनेमात गडद दिसणारा काळा गेममध्ये राखाडी होतो.

७. एचडीआरचा शिक्का

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण स्वस्त टीव्हीवरच्या एचडीआरला (उजळ भाग जास्त उजळ आणि अंधार जास्त गडद दाखवायच्या पद्धतीला) चपखल बसते. साधं चित्र १०० निट्सचा (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड गृहीत धरून बनतं. एचडीआर सिनेमे १००० किंवा ४००० निट्स धरून बनवले जातात. स्वस्त टीव्ही २५० ते ३५० निट्सला थकतो. तो एचडीआरचा सिग्नल स्वीकारतो, एवढंच त्या शिक्क्यात म्हटलेलं असतं. परिणाम उलटाच होतो: एचडीआर लावल्यावर चित्र आणखी काळवंडतं. एलसीडीवर ६०० निट्सच्या पुढे आणि सोबत खरं लोकल डिमिंग असेल तर एचडीआरची मजा सुरू होते. ते नसेल तर साध्या चित्रात समाधान माना, आणि गेममध्ये एचडीआर बंद ठेवून बघायलाही लाजू नका.

प्रकारांचं थोडक्यात: एचडीआर१० सगळीकडे असतं. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ दृश्यागणिक सूचना पाठवतात, त्यामुळे मध्यम उजेडाच्या टीव्हीला झेपेल अशी जुळवणी करणं सोपं जातं. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, त्याऐवजी एचडीआर१०+ असतं. गेममध्ये डॉल्बी व्हिजन एक्सबॉक्स सीरिजवर मिळतं, प्लेस्टेशन ५ वर नाही. केवळ या एका शिक्क्यासाठी चांगलं पॅनल सोडू नका.

८. यावर पैसे घालू नका

आवाज: टीव्ही पातळ झाले तशी स्पीकरला जागा उरली नाही, आणि महाग टीव्हीतही ती फारशी नाही. ई-आर्क पोर्ट आहे एवढं बघा. साधं आर्क असेल तरी स्ट्रीमिंगमधला ॲटमॉस (चहूबाजूंनी आल्यासारखा) आवाज त्यातून जातो. डिस्कवरचा, काहीही न गमावलेला (लॉसलेस) ॲटमॉस आवाज हवा असेल तरच ई-आर्क अनिवार्य.

स्मार्ट सोयी: कोणती प्रणाली आहे यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन-तीन वर्षांत तिचा वेग मंदावतो आणि तेव्हा स्टिक लावता येते. कन्सोल तर आहेच.

एआय अपस्केलिंग (कमी तपशिलाचं चित्र ४के इतकं वाढवून दाखवणं), व्हॉइस रिमोट, अंगभूत कॅमेरा: किमतीत फरक पडत नसेल तर असू द्या.

९. दुकानात काय करायचं

दुकानातले टीव्ही डेमो मोडमध्ये असतात: उजेड कमाल, रंग भडक. वर दुकानाचे दिवे इतके प्रखर की कुठल्याच पॅनलचा काळा नीट जोखता येत नाही. म्हणून आधी चित्र ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोडवर आणायला सांगा. नकार मिळाला तर दुसरं दुकान.

मग पेनड्राइव्ह लावा. राखाडी चित्रावर डागाळलेले पट्टे दिसतात का? थोडे सगळ्याच एलसीडीवर दिसतात, पण मधोमध ठळक असतील तर फुटबॉल बघताना ते चेंडूबरोबर दिसत राहतील. काळ्यावरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती प्रभा किती पसरते? आडव्या सरकणाऱ्या दृश्यात हिसके? अंधाऱ्या प्रसंगात तपशील दिसतो की काळा गोळा? पडद्याला तोंड करून, मग बाजूने, दोन्हीकडून बघा. शेवटी सेटिंगमध्ये जाऊन मॉडेल क्रमांक खोक्याशी ताडून घ्या.

वेळ तुमच्या हातात असेल तर एक सांगतो. कंपन्या नवी मॉडेलं जानेवारीत जाहीर करतात आणि ती पुढच्या काही महिन्यांत बाजारात येतात. त्या सुमारास मागच्या वर्षाच्या मॉडेलांच्या किमती उतरतात. टीव्हीत एका वर्षात क्रांती होत नाही. मागच्या वर्षाचा वरच्या दर्जाचा टीव्ही जवळजवळ नेहमीच यंदाच्या खालच्या दर्जाच्या टीव्हीला हरवतो.

१०. टीव्ही घरी आल्यावर

खोकं आणि थर्माकोल काही दिवस ठेवा. बिलावर अनुक्रमांक आहे का बघा, आणि वॉरंटीत पॅनल किती काळ धरलं आहे ते वेगळं वाचा. पहिल्याच दिवशी पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं चित्र लावून मेलेले ठिपके शोधा. परत करायची मुदत संपल्यावर सापडलेला ठिपका तुमचाच.

सुरुवातीच्या सेटअपमध्ये ‘होम’ निवडा, ‘स्टोअर’ नाही. तुम्ही काय बघता याची नोंद कंपनीला पाठवणारी परवानगी तिथेच मागितली जाते, ती नाकारा.

सिनेमासाठी फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. दिग्दर्शकाने ठरवलेला रंग आणि वेग न बदलता दाखवावा यासाठी २०१९ मध्ये हा मोड आला. नसेल तर सिनेमा मोड, रंगाचं तापमान ‘वॉर्म’, शार्पनेस अगदी कमी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद. ही सोय सिनेमाला मालिकेसारखं सपाट करून टाकते. २०१८ मध्ये खुद्द टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वारीला सोबत घेऊन ती बंद करा असं सांगणारा व्हिडिओ काढला होता. अपवाद ओलेडचा: त्याचे ठिपके इतके झटपट बदलतात की २४ फ्रेम्सचा सिनेमा अडखळल्यासारखा वाटू शकतो. तिथे ही सोय सगळ्यात कमी पातळीवर ठेवायला माझी हरकत नाही. वॉर्म रंग पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात.

कन्सोलसाठी एक शेवटचं काम उरतं, आणि निम्मे लोक ते करतच नाहीत. बऱ्याच टीव्हींमध्ये एचडीएमआय पोर्ट कमी क्षमतेवर ठेवून पाठवलेले असतात. सेटिंगमध्ये त्या पोर्टच्या नावापुढे ‘एन्हान्स्ड’, ‘डीप कलर’ किंवा ‘सिग्नल फॉरमॅट’ असं काहीतरी असतं, ते प्रत्येक पोर्टला वेगळं सुरू करावं लागतं. मग प्लेस्टेशन ५ वर स्क्रीन अँड व्हिडिओमधली व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन किंवा एक्सबॉक्सवर ४के टीव्ही डिटेल्स उघडा. टीव्ही काय काय स्वीकारतो याची यादी तिथे दिसते. ४के १२० पुढे नकार दिसला तर आधी पोर्ट बदला, मग केबल, मग टीव्हीचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, याच क्रमाने. तिन्ही करूनही नकार तसाच राहिला आणि विक्रेत्याने ४के १२० सांगून टीव्ही विकला असेल, तर त्या पडद्याचा फोटो काढा आणि परतीची मुदत आहे तोवर बिल घेऊन दुकान गाठा.